अकरा सेकंदांचं पोट

एका परपुरुषाचं पोट मला माझ्या नवऱ्याच्या पोटापेक्षा जास्त चांगलं ठाऊक होतं. हे वाक्य मी आजवर चारचौघांत बऱ्याचदा टाकलं आहे आणि दर वेळी समोरच्याचा चहा हातातच राहिला आहे. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झालेल्या, वारज्यात राहणाऱ्या, चष्मा गळ्यात अडकवून फिरणाऱ्या बाईकडून लोकांना अशी सुरुवात अपेक्षित नसते. पण ते अक्षरशः खरं होतं. ते पोट कोणत्या पावलाला डावीकडे झुकतं, कुठे थरथरतं, कुठे पुन्हा सावरतं, हे मी डोळे मिटून सांगू शकले असते. नवऱ्याचं पोट मी इतकं निरखून कधी पाहिलं नाही, आणि पाहावं असं त्यात फारसं काही नाहीही.

मी बातम्यांच्या एका वाहिनीत व्हिडिओ एडिटर आहे. आमचं पुण्याचं ऑफिस नारायण पेठेत, तिसऱ्या मजल्यावर. माझ्या खोलीला खिडकी नाही. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे मला बातमीतून कळतं.

काम सांगायला सोपं आहे. वार्ताहर चित्रण घेऊन येतो, मी ते कापते आणि जोडते. एखादे डॉक्टर चार मिनिटं बोललेले असतात, त्यातली वीस सेकंदं ठेवायची. आता माणसं सलग शहाण्यासारखी बोलत नाहीत. मध्ये "अँ" करतात, खोकतात, वाक्य सोडून देतात, बायकोचा फोन आला म्हणून खिशाकडे बघतात. तो भाग कापला की डॉक्टरांची मान इकडून तिकडे टुणकन उडते. प्रेक्षकाला वाटतं, टीव्ही बिघडला. म्हणून त्या सांध्यावर दुसरं चित्र पसरायचं. आवाज डॉक्टरांचा चालू, वर चित्र वेगळं. भिंतीच्या पोपड्यावर कॅलेंडर लावतात ना, तसंच.

आगीच्या बातमीत चित्राला तोटा नाही. पण रक्तातली साखर कशी दाखवणार? मग आमच्या धंद्यात एक रीत पडली आहे: आरोग्याची बातमी आली की रस्त्यावरची पोटं दाखवायची. कॅमेरामन बागेबाहेर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांची पोटं टिपतो, गळ्यापासून खाली. चेहरा दिसला नाही की तक्रार येत नाही, असं आम्ही सगळे मानतो. मुंडकं उडवलेला माणूस कुणाचा नातेवाईक नसतो.

तर माझं ते लाडकं पोट असंच साठ्यातलं होतं. कुणीतरी कधीतरी टिपलेलं, टिपणारा कॅमेरामन नोकरी सोडून गेलेला. अकरा सेकंदं. निळे-पांढरे आडवे पट्टे असलेला टी-शर्ट, सकाळचं कोवळं ऊन, मागे मैदानाची जाळी. पोट डावीकडून येतं, भारदस्त, एखादा मंत्री व्यासपीठावर येतो तसं. आठव्या सेकंदाला उजवा हात त्यावर येतो आणि दोन थापा मारतो. पहिली हलकी, दुसरी तळहात जरा रेंगाळणारी. आहाहा! त्या दुसऱ्या थापेवर कापलं की पुढचं चित्र असं अलगद बसायचं, जणू देवानंच सांधा तयार करून ठेवलाय. हाताच्या करंगळीचं शेवटचं पेर बाहेर वाकलेलं होतं, तेही मला पाठ होतं. कॉम्प्युटरवर त्या तुकड्याचं नाव मी ठेवलं होतं "पोट छान".

मधुमेह आला, पोट छान. हृदयविकार, पोट छान. दिवाळीच्या फराळानंतर घ्यायची काळजी, पोट छान. तेलाचे भाव वाढले तेव्हासुद्धा एकदा मी ते लावलं, आणि कुणाला काही खटकलं नाही. डेस्कवरून निरोपच यायचा, "ताई, ते तुमचं नेहमीचं पोट लावा." मी अभिमानानं लावायची. हो, अभिमानानं. हे आज लिहिताना कानाच्या पाळ्या गरम होतात, पण तेव्हा व्हायच्या नाहीत.

मग गेल्या वर्षी मुलीनं जाहीर केलं की तिचं ठरलं आहे.

ती आयटीत आहे, मुलगा तिच्याच कंपनीत. आम्हाला फक्त भेटायचं होतं. "आई, प्लीज, नॉर्मल वाग," ती म्हणाली. "तुझे ते ऑफिसचे किस्से सुरू करू नकोस." मुलाचे वडील खडकीच्या बाजूला एका कारखान्यात होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. आई शाळेत शिक्षिका. मूळचे अमरावतीकडचे. रविवारी सकाळी दहाला ते आमच्याकडे आले. वडील इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. उंच, सावळे, शांत चेहरा, बोलताना समोरच्याकडे नीट बघणारे. मला लगेच आवडले. तीस वर्षं पुण्यात काढून त्यांची भाषा निम्मी इकडची झाली होती. रंगात आले की मात्र तडक अमरावतीला परत जायची.

मी साबुदाण्याचे वडे केले होते. त्यांनी तीन खाल्ले. चौथ्याकडे हात गेला तशी त्यांच्या पत्नीनं नुसतं बघितलं. हात मागे आला.

"वडे मस्त झाले, ताई," ते म्हणाले. सोफ्यावर मागे रेलले. उजवा हात पोटावर ठेवला आणि दोन थापा मारल्या. पहिली हलकी. दुसरी रेंगाळणारी.

माझ्या डोक्यात कट झाला.

शपथेवर सांगते, माझा अंगठा टीपॉयवर आपोआप दाबला गेला, बटण दाबल्यासारखा. मी करंगळीकडे बघितलं. शेवटचं पेर बाहेर वाकलेलं. पांढऱ्या सदऱ्याच्या जागी मला निळे-पांढरे पट्टे दिसायला लागले. मागे मैदानाची जाळी दिसायला लागली. सहा वर्षं ज्या पोटाचं तोंड मी पाहिलं नव्हतं, ते तोंड माझ्याकडे बघून विचारत होतं, "तुम्ही नाही घेत, ताई?"

मी चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात पळाले. नवरा मागोमाग आला.

"अगं, त्यांच्या पोटाकडे काय बघतेस टक लावून? त्यांच्या बायकोनं पाहिलं."

"अहो, ते पोट आहे."

"मलाही दिसलं ते."

"तसं नाही हो! ते माझं पोट आहे. ऑफिसातलं. पोट छान!"

माझा नवरा बँकेत होता. त्याला धक्का बसला की तो आवाज खाली आणतो. त्यानं गॅस बारीक केला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "म्हणजे तुझ्या अख्ख्या कारकिर्दीत तू एकच नट घडवलास, तो नेमका आपला व्याही निघाला."

"आता काय करू?"

"चहा उतू जातोय, तो बघ."

मी स्वतःला समजावत ट्रे उचलला. त्यांना कुठं माहीत असणार? चेहरा नव्हता. पट्ट्यांचे टी-शर्ट पुण्यात काय कमी आहेत? इतक्यात बाहेरून मुलीचा आवाज आला, मोठ्या कौतुकाचा: "आई ना न्यूज चॅनलमध्ये एडिटर आहे. व्हिज्युअल्स सगळे तीच लावते."

मी बाहेर येऊन त्यांच्यापुढे ट्रे धरला. मुलाच्या वडिलांनी कप न घेता हात मांडीवर ठेवले.

"टीव्हीवाले," ते म्हणाले. बस, एवढंच.

"बाबा, जाऊ द्या ना," मुलगा पुटपुटला.

"जाऊ काय द्या? घरचेच लोक आहेत आता. त्यांना माहीत पाहिजे." आणि त्यांनी सांगितलं.

ते रोज पहाटे मैदानावर चालायला जायचे. नुसते चालायला नाही. कारखान्यातली जी माणसं दारूच्या नादी लागली होती, त्यांना ते बरोबर न्यायचे. भाषण नाही, वर्गणी नाही. सकाळी सहाला दारात उभं राहायचं, माणसाला उठवायचं आणि चालायला लावायचं. "जो सकाळी सहाले उठते, थो रात्री पीत नाही," हा त्यांचा साधा हिशेब. अशी दहा-बारा माणसं त्यांनी वर्षानुवर्षं चालवली होती. त्यातल्या बऱ्याच जणांची सुटली होती.

"आन् एक दिवस टीव्हीवर आलं. दारूनं लिव्हर कसं खराब होते, थे. त्याच्यात मी! मुंडकं नाही, पण पोट माझं, टी-शर्ट माझं, मैदान आमचं. साऱ्या कॉलनीनं ओळखलं. मी दारूले आयुष्यात हात लावला नाही जी. दुसऱ्या दिवशी मैदानावर गेलो तर पोट्टे हसून राहिले होते. ज्याची सोडवायले गेलो तोच म्हणे, साहेब, आधी तुमचं बघा. गावाकडून भावाचा फोन, काऊन रे बाप्पा, कधीपासून प्यायले लागला?"

त्यांच्या पत्नी खाली बघत होत्या. "तेव्हापासून चालणं बंद केलं यांनी," त्या म्हणाल्या. "शुगर वाढली ती तेव्हाच."

बातमी मला आठवली. नाही आठवणार कशी? दुपारची वेळ, बातमीपत्राला दहा मिनिटं, डॉक्टरांच्या बोलण्यात चार सांधे, आणि यकृताचं चित्र कुणी आणलेलंच नव्हतं. हात आपोआप गेला होता नेहमीच्या जागी.

"हे असं लावते कोण?" त्यांनी मला विचारलं. "तुमच्याच लाईनीतलं आहे म्हणून विचारतो. कोणी माणूसच लावत असेल ना?"

आता बघा, हीच ती जागा होती. सांगून टाकायची. एखाद्या नाटकात मी ट्रे हातातून सोडला असता, कपांचा खळखळाट झाला असता आणि मी गुडघ्यावर बसून कबुली दिली असती. प्रत्यक्षात मी काय केलं? साखर विचारली. आणि म्हणाले, "वेगवेगळे लोक असतात हो तिथे. सांगता येत नाही."

"थो माणूस भेटला ना," ते म्हणाले, "तर त्याच्या घरचं पाणी पिणार नाही मी." आणि आमच्या घरच्या पाण्याचा अर्धा राहिलेला ग्लास उचलून त्यांनी संपवला.

पुढच्या रविवारी आम्ही खडकीला जायचं, तिथे साखरपुड्याची तारीख धरायची, असं ठरवून ते गेले. जाताना मला वाकून नमस्कार करणाऱ्या मुलाला मी आशीर्वादसुद्धा धड दिला नाही.

ते सात दिवस मी कसे काढले, विचारू नका. सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या पहिलं काम, तो तुकडा पुसून टाकायचा. पण जुना साठा मुंबईच्या ऑफिसात असतो, इथून पुसता येत नाही. मेल केला. उलट मेल आला: पुसण्याचे कारण लिहावे. मी लिहिलं, "कौटुंबिक." त्यावर उत्तर आलं, "कृपया अधिक स्पष्ट करावे." काय स्पष्ट करू? सदर पोटाशी आमचे नाते जुळत आहे?

मंगळवारी लठ्ठपणाची बातमी आली. डेस्कवरून फोन, "ताई, नेहमीचं पोट." मी म्हटलं, ते खराब झालंय. "पोट खराब झालंय? औषध घ्या की," म्हणून फोन ठेवला. मग मी डॉक्टरांच्या सांध्यांवर भाजीच्या टोपल्या लावल्या. डॉक्टर चरबीबद्दल बोलत होते आणि वर वांगी. वरिष्ठांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, सकारात्मक दृष्टिकोन.

घरी टीव्ही लागला की एकच विचार. दुसऱ्या एखाद्या शहरातल्या कुणी ते पोट उचलून लावलं तर? एकदा "पोटावर झोपण्याचे तोटे" अशी पट्टी सरकताना दिसली आणि मी रिमोटवर अशी झडप घातली की वरणाची वाटी उपडी झाली.

"आता मला टीव्ही बघायचीसुद्धा भीती वाटते," मी नवऱ्याला म्हटलं.

"बरं झालं. आम्हाला पहिल्यापासूनच वाटते."

बुधवारी मी मुलीला सांगितलं. तिनं लॅपटॉप बंद केला.

"आई. सीरियसली? तू त्याच्या बाबांना नॅशनल टीव्हीवर बेवडा केलंस?"

"नॅशनल नाही गं. मराठी."

"जोक नको ना करूस!" तिचा आवाज फाटला. मग ती हळू बोलायला लागली, आणि तेच जास्त वाईट होतं. "ऐक. त्याच्या बाबांनी नाही म्हटलं तर तो त्यांच्याविरुद्ध जाणार नाही. मला माहितीये. तो मला सोडणार नाही आणि त्यांनाही दुखवणार नाही, नुसता लटकत राहील, दोन-चार वर्षं. मला ते नकोय. तू गप्प बस. साखरपुडा होईपर्यंत. लग्न होईपर्यंत. मग मी सांगेन, हळूहळू."

"हळूहळू कसं सांगतात?"

"आई, प्लीज!"

पंचवीस वर्षं मी लोकांच्या बोलण्यातलं अडचणीचं कापून बाहेर ठेवत आले. आता घरातच कुणी मला सांगत होतं, एवढं एक वाक्य काप, बाकी सगळं छान जुळतंय. आणि खरंच जुळत होतं. मुलगा चांगला, माणसं चांगली, मी तोंड उघडलं नाही तर कुणालाही कधीही कळणार नव्हतं. पण ते आमच्याकडे येणार, मी पाणी पुढे करणार, ते पिणार. दर वेळी.

नवऱ्यानं शनिवारी, कपड्यांच्या घड्या घालताना, एवढंच म्हटलं: "आत्ता सांगितलंस तर चूक झाली म्हणतील. लग्नानंतर कळलं तर फसवलं म्हणतील. तुझं तू बघ." आणि माझ्या साडीची चुकीची घडी घालून ठेवून दिली.

रविवारी खडकीला गेलो. स्टेशनजवळच त्यांचा दुसऱ्या मजल्यावरचा नेटका फ्लॅट. मुलगी वाटेत माझा हात धरून बसली होती. प्रेमानं नव्हे, कैद्याला न्यायला धरतात तसा. मी तिला वचन दिलेलं नव्हतं आणि नाकारलंही नव्हतं. मला स्वतःलाच माहीत नव्हतं काय होणार. सांगायचं म्हणून तीनदा घसा साफ केला. एकदा मुलाच्या आईनं खडीसाखर दिली, एकदा पंखा कमी केला. तिसऱ्यांदा नवऱ्यानं सहानुभूतीनं पाठीवर थोपटलं.

कॅलेंडर काढलं गेलं. मुलाच्या वडिलांनी चष्मा लावला, दोन तारखांवर बोट ठेवलं. त्यांच्या पत्नी पाण्याचा ट्रे घेऊन आल्या आणि मुलाच्या वडिलांनी स्वतः एक ग्लास उचलून माझ्यापुढे धरला. "घ्या, ताई. ऊन लागलं तुम्हाला."

"मी नाही घेणार," मी म्हणाले. "आधी बोलते. मग तुम्ही द्यायचं की नाही ते ठरवा."

मुलीनं डोळे मिटले.

"ते चित्र मी लावलं होतं. लिव्हरच्या बातमीत. मीच."

ग्लास हवेतच राहिला. मग त्यांनी तो सावकाश ट्रेमध्ये ठेवला. खालून लोकल गेली.

"तुम्ही मले ओळखत होत्या?"

"नाही. चेहरा चित्रात नव्हताच."

"मग हा माणूस कोण, असं विचारलं नाही कोणाला?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही. आणि एकदाच नाही लावलं. खूप वेळा लावलं. डायबिटीस, हृदय, दिवाळी. मला ते आवडायचं." हे बोलून गेल्यावर मला कळलं की हे बोलायला नको होतं.

"अन् दारूचं काऊन?"

"दहा मिनिटं होती हातात. तेच जवळ होतं."

"बस? एवढंच कारण?"

"एवढंच."

मला वाटतं, त्यांनी काहीतरी मोठं कारण मनात धरलं होतं. कुणाचा डाव, कुणाचा आकस. दहा मिनिटं हे उत्तर त्यांना पचेना. ते उठून गॅलरीत गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मुलगा उठू लागला तसं आईनं त्याला खुणेनं बसवलं.

"आठ दिवसांपूर्वी विचारलं होतं त्यांनी तुम्हाला," ती माउली मला म्हणाली. रागानं नाही, नोंद घेतल्यासारखी. शिक्षिकाच ती.

"हो. खोटं बोलले."

मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. कॅलेंडर उघडंच पडलं होतं आणि पंख्यानं त्याचं पान फडफडत होतं. नवऱ्यानं त्यावर पेन ठेवलं, मग ते बरं दिसेना म्हणून उचललं. मी मनात सेकंद मोजत होते. सवय. टीव्हीवर तीन सेकंदांची शांतता फार होते. ही चांगली पाच मिनिटांची असेल.

ते आत आले. बसले नाहीत.

"उद्या सकाळी सहाले मैदानावर या," ते म्हणाले. "आत्ता मला जे सांगितलं, तेच्या तेच तिथं सांगा. सगळ्यांसमोर. बाकीचं मग बोलू." आणि कॅलेंडर उचलून त्यांनी खिळ्याला अडकवून टाकलं.

परतताना मुलगी एकच वाक्य बोलली. "तिथे तरी किस्सा नको करूस त्याचा."

तुम्हाला वाटेल, बोलघेवडी बाई, हिला काय अवघड! पण मी आयुष्यभर पडद्यामागची. किस्से मी ओळखीच्या माणसांत सांगते, हातात चहाचा कप असताना. सोमवारी पहाटे स्कूटरवर नवऱ्याच्या मागे बसून खडकीला जाताना मी पदर तीनदा अंगाभोवती घट्ट लपेटला. नवरा म्हणाला, "थंडी आहे." थंडी अजिबात नव्हती.

समोर मैदानाची जाळी आली. प्रत्येक तार ओळखीची. जाळीच्या कडेला बाकावर आणि कठड्यावर नऊ-दहा माणसं, बहुतेक निवृत्त, कानटोप्या घातलेली. तीन-चार जण सांगितल्यामुळे आलेले दिसत होते, अर्धवट झोपेत. मुलगी आणि मुलगा लांब उभे. त्याचे वडील सगळ्यांच्या पुढे, हात मागे बांधून. गेल्या चार वर्षांत ते इथे पहिल्यांदाच आले होते, हे मला नंतर कळलं.

"या बाई टीव्हीत आहेत," त्यांनी सांगितलं आणि बाजूला झाले.

मी बोलले. भिकार बोलले. इतरांचे "अँ" कापून ज्यांची वाक्यं मी सुंदर केली, त्या सगळ्या डॉक्टरांची मला मनापासून आठवण आली. मध्ये थांबले, चुकले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पण सगळं सांगितलं. चित्र माझ्या हाताशी होतं, हा माणूस कोण हे न विचारता मी ते लावलं, यांचा दारूशी संबंध नव्हता आणि नाही, चूक माझी.

एक वाळकेसे गृहस्थ कान पुढे करून म्हणाले, "म्हणजे साहेब पीत नव्हते?"

"नव्हते."

"ते आम्हाला माहीतच होतं की."

"माहीतच होतं," दुसरे म्हणाले. कानटोप्या हलल्या. सगळ्यांनाच माहीत होतं.

"माहीत होतं," मुलाचे वडील म्हणाले, "तर हसले काऊन?"

एकानं बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मी पुढे काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात त्या वाळक्या गृहस्थांनी विचारलं, "चालायचं का, साहेब? सव्वासहा झाले."

त्यांनी मागे बांधलेले हात सोडले. मग चालायला लागले. मागोमाग सगळे उठले. मी तिथेच उभी, आता पुढे काय याचा पत्ता नाही, लांबून मुलगी माझ्याकडे भुवया उंचावून विचारते आहे आणि मी तिला खांदे उडवून दाखवते आहे.

दहा पावलं गेल्यावर त्यांनी वळून बघितलं. "तुम्ही काय उभ्या? चला."

मी गेले. नऊवारी नेसल्यासारखी तुरुतुरु, कारण ते झपझप चालत होते. पहिली फेरी पूर्ण झाली. मला धाप लागली होती आणि विचारायचं होतं की साखरपुड्याचं काय, पण विचारायला श्वास उरला नव्हता, आणि धीरही.

दुसऱ्या फेरीच्या अर्ध्यावर ते समोर बघतच म्हणाले, "पुढच्या महिन्याचा दुसरा रविवार जमते का तुम्हाला?"

"जमतं," मी म्हणाले. इतक्या घाईनं, की त्यांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

"हॉल आम्ही पाहतो. जेवणाचं तुम्ही पहा."

"हो."

"अन् एक सांगून ठेवतो, ताई. शूटिंगवाला आमच्याकडचा राहील."

"हो, हो."

"अन् एडिटिंग पण तोच करीन."

मी हो म्हटलं.